कोरलेली नावे, न कोरलेली नावे : पुण्याचे युद्धस्मारक कसे वाचावे? (दीर्घ धागा)

१/
पुण्याच्या लष्कर भागात, घोरपडीच्या बाजूला, रेसकोर्सच्या परिसरात एका आवारात लढाऊ विमान उभे आहे. मिग-२३ बीएन. शाळेची सहल आली की मुले आधी त्याच्याकडेच धावतात आणि पंखाखाली उभे राहून छायाचित्रे काढतात. नावांच्या शिलांकडे वळणारे त्या मानाने थोडे. हे दक्षिण कमांडचे राष्ट्रीय युद्धस्मारक. १५ ऑगस्ट १९९८ रोजी त्याचे अनावरण झाले. स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांत प्राण वेचलेल्या सैनिकांसाठी ते उभारले गेले, आणि त्याचा खर्च उभा राहिला तो नागरिकांच्या देणग्यांतून. नागरिकांनी स्वतःच्या पैशाने उभारलेले दक्षिण आशियातले हे एकमेव युद्धस्मारक, असे त्याच्याबद्दल सांगितले जाते.

२/
‘एकमेव’ या शब्दापाशी इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थबकावे हे बरे. पुण्याला या शब्दाची आवड जुनी आहे. परंतु एक गोष्ट वादापलीकडची आहे. दिल्लीतील राष्ट्रीय युद्धस्मारकाचे लोकार्पण २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. म्हणजे पुण्याच्या स्मारकानंतर वीस वर्षांहून अधिक काळाने. तोवर देशाच्या राजधानीत १९४७ नंतरच्या युद्धांतील सर्व मृतांची नावे एकत्र वाचता येतील अशी जागाच नव्हती. इंडिया गेट होते. पण १९३१ साली उद्घाटन झालेल्या त्या कमानीवरची तेरा हजारांहून अधिक नावे पहिल्या महायुद्धातील आणि तिसऱ्या अफगाण युद्धातील सैनिकांची आहेत. १९७१च्या विजयानंतर, २६ जानेवारी १९७२ रोजी, तिच्याखाली अमर जवान ज्योत पेटली. ज्योत नव्या मृतांची आणि भिंतीवरची नावे जुन्या साम्राज्याच्या मृतांची, अशी ही विचित्र जोडी जवळजवळ पन्नास वर्षे नांदली.

३/
मधल्या काळात स्मृती जपली ती पलटणींनी. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात, महार रेजिमेंटचे सागरला. प्रत्येक रेजिमेंटने आपापल्या आवारात आपल्या मृतांची नावे कोरली. पण ही आवारे छावणीच्या आत असतात. पहारेकऱ्याला ओळख पटवल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. खटाव-माणच्या एखाद्या वीरमातेला मुलाचे नाव दगडावर पाहायचे असेल, तर तिने जायचे कुठे? १९९८ साली पुण्यात जे उभे राहिले, त्याचे महत्त्व या प्रश्नात आहे. तिकीट काढून कुणीही आत यावे आणि नाव शोधावे, अशी जागा झाली.

४/
मग स्मारकात नावे कुणाची असतात? आणि कुणाची नसतात? हे नीट कळण्यासाठी घोरपडीतून थोडे बाहेर पडावे लागते, कारण दगडावर लढवय्या कोरण्याची रीत महाराष्ट्रात इंग्रजांनी आणलेली नाही. पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी जुन्या देवळांच्या आवारात, पारावर, कधी गावाच्या वेशीपाशी अर्धवट गाडलेला वीरगळ सापडतो. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई, ढाल-तलवार घेतलेला वीर. त्याच्यावर अप्सरा त्याला वर नेताना. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना. माथ्यावर चंद्र आणि सूर्य : ते आकाशात आहेत तोवर ही कीर्ती राहो. फक्त एक गोष्ट बहुतेक वीरगळांवर नसते. नाव. शेंदूर फासलेल्या त्या दगडाला गावकरी नमस्कार करतात. पण तो वीर कोण, कुठल्या लढाईत पडला, हे कुणालाच ठाऊक नसते. चंद्रसूर्य आहेत, कीर्ती निनावी झाली.

५/
नावे आली ती कंपनी सरकारच्या काळात. पुण्यापासून साधारण तीस किलोमीटरवर, भीमेच्या काठी, कोरेगावचा जयस्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालची कंपनीची तुकडी आणि पेशव्यांची फौज यांच्यात येथे दिवसभर लढाई झाली. स्तंभाची पायाभरणी १८२१ साली झाली. त्यावर कंपनीच्या ४९ मृत सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय आहे, त्यावरून ते महार समाजातील सैनिक असल्याचे ओळखू येते. स्तंभ उभारला तो कंपनीने, आपल्या विजयाच्या अभिमानासाठी. ज्यांची नावे कोरली त्यांना पुढे काय वाटावे, हा विचार त्यामागे असण्याचे कारण नव्हते.

६/
परंतु दगडाचा अर्थ तो उभारणाऱ्याच्या हाती फार काळ राहत नाही. १८९०च्या दशकात इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांच्या जोरावर लढलो त्यांनाच दार लावून घेतले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली महारांची एक पलटण उभी केली आणि युद्ध संपताच १९२१ साली ती मोडलीही. या पार्श्वभूमीवर १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी आले. त्या दिवसापासून हा दगड कंपनीचा राहिला नाही. ती २२ नावे आता एका नाकारलेल्या हक्काचा पुरावा म्हणून वाचली जाऊ लागली. १९४१ साली महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली आणि आज ती भारतीय लष्कराचा भाग आहे.

७/
याच स्तंभाशी जोडलेला आणखी एक माणूस आहे, त्याच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. लढाईत जखमी झालेले खंडोजी जमादार माळवदकर. १८२४ साली कंपनीने स्तंभाच्या देखरेखीसाठी त्यांची नेमणूक केली. चित्र डोळ्यांसमोर आणावे : जे पडले त्यांची नावे दगडावर, आणि त्याच लढाईतून जखमा घेऊन परतलेला माणूस त्या दगडाचा राखणदार. पुण्याच्या परिसरातल्या युद्धस्मृतीची सगळी रचना या एका नेमणुकीत दिसते. मेलेल्यांना नाव मिळते, जगलेल्याला काम. पुढच्या दोनशे वर्षांत या रचनेत किती फरक पडला, ते पुढे पाहूच.

८/
दुसरा दगड खुद्द पुण्यातला. १९ नोव्हेंबर १९२१. इंग्लंडचे युवराज, प्रिन्स ऑफ वेल्स, पुण्यात आले होते. दोनच दिवसांपूर्वी ते मुंबईत उतरले, तेव्हा काँग्रेसच्या बहिष्कारामुळे आणि त्यातून उसळलेल्या दंगलीमुळे मुंबई पेटली होती. अशा वातावरणात छत्रपती शाहू महाराजांच्या पुढाकाराने युवराजांच्या हस्ते दोन कोनशिला बसवण्यात आल्या : एक मराठा युद्धस्मारकाची आणि दुसरी शिवाजी महाराजांच्या स्मारकाची. ब्रह्मयुद्धात नव्हे, तर तुर्कांशी, मेसोपोटेमियाच्या वाळवंटात मराठा पलटणी लढल्या होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात त्यांतले अनेक जण उपासमारीने आणि नंतर कैदेत खंगले होते. त्यांचे स्मरण आणि शिवछत्रपतींचे स्मरण एकाच दिवशी शेजारी ठेवण्यात शाहू महाराजांचा हेतू स्पष्ट होता : परक्या राजासाठी लढलेल्या शिपायाचे पूर्वज कोण होते, हे युवराजांनाही कळावे आणि पुण्यालाही.

९/
पुढे काय झाले ते पुण्याच्या स्वभावाला धरूनच झाले. शिल्पकार नानासाहेब करमरकर यांनी घडवलेला शिवरायांचा भव्य अश्वारूढ पुतळा १९२८ साली उभा राहिला आणि शिवाजी मिलिटरी स्कूलच्या आवारातला तो पुतळा आजही पाहणाऱ्याला खिळवून ठेवतो. युद्धस्मारकाची कोनशिला मात्र पुणेकरांच्या बोलण्यातून जवळजवळ पुसली गेली. ज्या दिवशी दोन दगड बसले, त्या दिवसाचा एकच दगड शहराने लक्षात ठेवला. साम्राज्याच्या युद्धात मेलेल्या आपल्या माणसांचे काय करायचे, हे स्वातंत्र्याच्या चळवळीत गुंतलेल्या शहराला उमगत नव्हते. त्यांना वीर म्हणावे तर साम्राज्याची बाजू घेतल्यासारखे होई. न म्हणावे तर घरातल्याच माणसाशी कृतघ्नपणा. हा अवघडलेपणा आजही पुरता गेलेला नाही.

१०/
तिसरी जागा खडकीची. येथील युद्धदफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या, निगा राखणे कठीण झालेल्या कबरी येथे एकत्र आणल्या गेल्या. मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून पहिल्या महायुद्धातील ६२९ जणांचे अवशेष १९६२ साली येथे आणण्यात आले. हिरवळ कापलेली, दगड एकाच उंचीचे, अधिकारी आणि शिपाई यांच्यात भेद नाही. शांतता अशी, की पलीकडच्या रस्त्यावरची रिक्षाही ऐकू येते. आणि एका कोपऱ्यात पूर्व व पश्चिम आफ्रिकेतील १९३ सैनिकांची नोंद आहे. आपल्या देशापासून हजारो कोस दूर, ज्या भूमीशी त्यांचे काहीच देणेघेणे नव्हते, तेथे ते वारले. पुण्यातल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

११/
खडकीच्या या आफ्रिकी नावांचे प्रतिबिंब इटलीत सापडते. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सारे मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशिनगनवर चाल केली, ती बंद पाडली आणि तेथेच ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे नाव कोरलेले आहे ते इटलीतील कसिनोच्या स्मारकावर. कोकणातला माणूस इटलीच्या दगडावर, आफ्रिकेतला माणूस खडकीच्या दगडावर. साम्राज्याने माणसे अशी हलवली आणि मरणानंतर त्यांची नावे जिथल्या तिथे ठेवली.

१२/
घाडगे यांच्याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमधील नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५, इटलीतलीच सेनियो नदी. शिपाई जाधव यांनी पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून दोन जखमी साथीदारांना पाठीवर वाहून आणले, पुन्हा परत जाऊन मशिनगनची ठाणी गप्प केली आणि नदीच्या बांधावर उभे राहून मराठ्यांची युद्धघोषणा दिली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मात्र ते जगले, गावी परतले, १९८४ पर्यंत जगले. मृतांच्या कुठल्याही शिलेवर त्यांचे नाव असू शकत नाही. कसिनोच्या भिंतीवर नाही, घोरपडीच्या नाही, खडकीच्याही नाही. दोघांचे शौर्य एकाच तोलाचे. दगडाच्या हिशेबात मात्र एक आहे आणि दुसरा नाही.

१३/
आता पुन्हा घोरपडीच्या आवारात येऊ. येथे ‘त्रिशूल’ या युद्धनौकेची प्रतिकृतीही आहे. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या माथ्यावरच्या शहरात युद्धनौका कशासाठी, असे वाटणे साहजिक. पण ‘त्रिशूल’ हे नाव धारण करणाऱ्या पहिल्या नौकेचा पुण्याशी संबंध आहे, तो गोव्यामुळे. १९६१ साली गोवा मुक्त करण्याची भूमीवरची मोहीम दक्षिण कमांडने आखली आणि त्या कमांडचे मुख्यालय पुण्यात. प्रमुख होते लेफ्टनंट जनरल जयंतोनाथ चौधरी. १८ डिसेंबरला सैन्य सरहद्द ओलांडत असताना कारवारजवळच्या अंजदीव बेटावर ‘त्रिशूल’ आणि ‘म्हैसूर’ या नौकांनी नौसैनिक उतरवले. तेथे सात नौसैनिक धारातीर्थी पडले. गोवा ‘सहज’ घेतला असे आपण म्हणतो, तेव्हा हे सात जण गृहीत धरलेले नसतात. दहा वर्षांनी, १९७१च्या डिसेंबरात, कराचीवरच्या दुसऱ्या क्षेपणास्त्र हल्ल्यातही ‘विनाश’ या बोटीच्या सोबतीला ‘त्रिशूल’ आणि ‘तलवार’ होत्या.

१४/
दक्षिण कमांड म्हटले की दख्खनचे पठार डोळ्यांसमोर येते. नकाशा मात्र वेगळे सांगतो. १९७१ साली राजस्थान आणि कच्छच्या वाळवंटातली लढाई याच कमांडकडे होती आणि तेव्हा प्रमुख होते लेफ्टनंट जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर, जे पुढे लष्करप्रमुख झाले. लोंगेवालाच्या चौकीवर ४ आणि ५ डिसेंबरच्या रात्री जे घडले त्याच्या वार्ता पुण्याच्या मुख्यालयात येत होत्या. त्यामुळे या स्मारकात वाळूतली लढाई, समुद्रातली नौका आणि आकाशातले विमान एकत्र दिसतात, ते शोभेसाठी मांडलेले नाही.

१५/
आणि विमान? मिग-२३ बीएन हे जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ला करणारे विमान. १९९९ साली कारगिलच्या शिखरांवर वायुसेनेने ‘सफेद सागर’ मोहीम सुरू केली, तेव्हा याच जातीची विमाने वापरली गेली. २००९ साली ती सेवेतून निवृत्त झाली. येथे तारखांकडे लक्ष द्यावे. स्मारकाचे अनावरण ऑगस्ट १९९८मधले. कारगिलचे युद्ध मे १९९९मधले. पन्नास वर्षांच्या मृतांची नोंद पुरी करून लोकांनी स्मारक उभारले, आणि वर्ष उलटायच्या आत पाचशेहून अधिक जवान मारले गेले. आज २६ जुलैला कारगिल विजय दिनाची पुष्पचक्रे येथे वाहिली जातात. ज्यांनी देणग्या दिल्या त्यांच्या मनात तेव्हा कारगिल हे नावही नसेल.

१६/
पुण्याच्या नावाची एक पलटण मात्र पुण्यात राहत नाही. पूना हॉर्स. तिचा जन्म १८१७ सालचा, आणि त्या जन्मकथेत पुरेपूर विरोधाभास आहे. त्या वर्षीच्या जून महिन्यात इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावावर जो तह लादला, त्यानुसार एक साहाय्यक घोडदळ उभे राहिले. खर्च पेशव्याच्या मुलखातून आणि हुकूम इंग्रजांचा. सहा महिन्यांनी कोरेगावच्या लढाईत हेच घोडेस्वार स्टाँटनच्या तुकडीसोबत, पेशव्यांच्या विरुद्ध उभे होते. ज्याच्या पैशाने घोडे पोसले, त्याच्याच विरुद्ध दौडवले.

१७/
स्वातंत्र्यानंतर हीच पलटण भारताची झाली आणि तिने दोन परमवीरचक्रे मिळवली. दोन्ही सियालकोटच्या आघाडीवर. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांचे शिक्षण पुण्यातल्या सरदार दस्तूर शाळेत झाले. त्यांचे एक पूर्वज शिवछत्रपतींच्या सैन्यात होते आणि तारापूर हे गाव त्यांना इनाम मिळाले, अशी घराण्याची परंपरा सांगते. सप्टेंबर १९६५मध्ये फिलोराच्या रणगाडा युद्धात जखमी होऊनही त्यांनी मागे जाण्यास नकार दिला आणि १६ सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. दुसरे सेकंड लेफ्टनंट अरुण क्षेत्रपाल : जन्म पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५०; लष्करी शिक्षण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत; १३ जून १९७१ रोजी अधिकारी झाले आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी, बसंतरच्या लढाईत, पेटलेला रणगाडा न सोडता लढत मृत्यू पावले. अधिकारी होऊन सहा महिने आणि तीन दिवस. त्याच दिवशी ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या. प्रबोधिनीच्या ज्या मैदानावर आज दीक्षान्त संचलन होते, त्याला क्षेत्रपाल यांचे नाव आहे.

१८/
परमवीरचक्राच्या पदकाचे रेखाटनही एका मराठी घरातले, हे जाता जाता नोंदवून ठेवावे. सावित्रीबाई खानोलकर या मूळच्या युरोपातल्या. लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह करून त्या भारतीय झाल्या, आणि पदकावरची इंद्राच्या वज्राची कल्पना त्यांची. दधीचीने हाडे दिली आणि त्यातून वज्र घडले, ही कथा त्यामागे आहे. पदकाची कल्पनाच मुळी देह देणाऱ्याची. पण पहिल्या काश्मीर युद्धातल्या पाच परमवीरांपैकी दोघे जिवंत परतले. लान्स नाईक करमसिंग आणि सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे.

१९/
राणे यांच्याकडे थोडे थांबायला हवे, कारण ते पुण्याचे आहेत आणि पुण्याला ते फारसे माहीत नाहीत. जन्म १९१८, कारवारजवळच्या चेंडिये गावातला. १९४० साली ते बॉम्बे सॅपर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. या पलटणीचे केंद्र खडकीत. सॅपर म्हणजे रस्ता करणारा, पूल बांधणारा, सुरुंग पेरणारा आणि काढणारा सैनिक. लढाईच्या गोष्टींत तो क्वचित नायक असतो. त्याने रस्ता केला म्हणून दुसरे पुढे जातात आणि गोष्ट त्यांची होते. याच पलटणीच्या तुकडीसोबत काम करताना प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१ साली अॅबिसिनियात चार दिवसांत पंधरा सुरुंगक्षेत्रे साफ केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ब्रह्मदेशातल्या लढाईत राणे यांनी जपान्यांना चुकवून नदी पार केली होती. १९४७च्या डिसेंबरात ते अधिकारी झाले.

२०/
८ एप्रिल १९४८. नौशेराहून राजौरीकडे जाणारा डोंगरी रस्ता. शत्रूने तो सुरुंगांनी आणि तोडून टाकलेल्या झाडांनी अडवला होता. राजौरीत अडकलेल्या नागरिकांचे हाल चालले होते, तेव्हा वेळ दवडणे शक्य नव्हते. पहिल्याच दिवशी उखळी तोफांच्या माऱ्यात राणे यांच्या तुकडीतले दोघे ठार आणि पाच जण जखमी झाले. जखमींत स्वतः राणे होते. तरी काम थांबले नाही. पुढे गोळ्यांच्या वर्षावात काम करायचे तर आडोसा हवा. तो राणे यांनी रणगाड्याच्याच पोटाखाली शोधला. पुढच्या रणगाड्याखाली ते सरपटत जात आणि बांधलेली दोरी ओढून चालकाला इशारा देत : थांब, चल, थांब. चालत्या रणगाड्याच्या दोन साखळपट्ट्यांच्या मधे एक माणूस मातीत चाचपडत सुरुंग शोधतो आहे. असे ११ तारखेपर्यंत, जवळजवळ अखंड. राजौरीचा रस्ता मोकळा झाला.

२१/
राणे मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात वारले. घोरपडीचे स्मारक त्यानंतर चार वर्षांनी उभे राहिले. परंतु ते आणखी चार वर्षे जगले असते, किंवा चाळीस, तरी हुतात्म्यांच्या शिलेवर त्यांची नोंद झाली नसती; ते रुग्णशय्येवर गेले, रणात नव्हे. त्यांचा पुतळा आहे तो कारवारला, समुद्राकाठी, अंजदीवच्याच पाण्याजवळ.

२२/
परतलेल्यांसाठी पुण्यात काहीच नाही, असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. उलट, त्यांच्यासाठी या शहरात जेवढे आहे तेवढे देशात क्वचित कुठे असेल. फक्त ते स्मारकाच्या रूपात नाही. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या शिपायांना हुन्नर शिकवण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाले आणि काही वर्षांत ते खडकीला आले. आजही ते तेथेच आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उघडले. मणक्याला इजा होऊन कमरेखाली लुळे पडलेल्या सैनिकांसाठी १९७४ साली खडकीत पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झाले; तेथील काही जण तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात, आणि ती भेटकार्डे म्हणून घराघरांत जातात. कोरेगावच्या खंडोजी जमादारांपासून चालत आलेली रचना ती हीच : मेलेल्याला शिळा, जगलेल्याला काम. काम मिळणे ही लहान गोष्ट नाही. पण खडकीच्या या संस्थांच्या दारावरून शाळेच्या सहली सरळ पुढे जातात.

२३/
मुरलीकांत पेटकर यांचे नाव मात्र आता घराघरांत पोचले आहे, त्याला कारण २०२४चा चित्रपट. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे हे जवान, इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्सचे, मूळचे मुष्टियोद्धे. १९६५च्या युद्धात अनेक गोळ्या लागल्या आणि कमरेखालचा भाग निकामी झाला. उपचार म्हणून पाण्यात उतरले, आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिले सुवर्णपदक. पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधली शेहेचाळीस वर्षे ते पुण्याच्या शेजारी, थेरगावात, साध्या माणसासारखे राहिले. १९७२ सालीच दिल्लीत अमर जवान ज्योत पेटली होती; देश मृतांपुढे मान लववत होता आणि त्याच वर्षी एक जिवंत जवान परक्या देशात राष्ट्रगीत वाजवून घेत होता. ज्योतीची तारीख पाठ्यपुस्तकात आली. पेटकरांची आली नाही.

२४/
म्हणून घोरपडीच्या स्मारकात जाल तेव्हा वेळ काढून जा. विमानापाशी छायाचित्र काढा, त्यात गैर काही नाही. मग नावांपाशी जा आणि आपल्या जिल्ह्याची, तालुक्याची नावे शोधा. आडनावांवरून पुष्कळ कळते. त्यानंतर जमले तर त्याच दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला, खडकीच्या दफनभूमीत, त्या १९३ आफ्रिकी सैनिकांपाशी पाच मिनिटे उभे राहा.

२५/
आणि पुण्यात न राहणाऱ्या वाचकांसाठी एक काम. सातारा, रत्नागिरी, पुणे, कोल्हापूर या भागांतल्या अनेक गावांत, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर, संगमरवराची एक लहान पाटी असते. या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धात इतके लोक गेले. त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात गेले ते परत आले नाहीत. आज ते गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. या पाट्यांवर नावे नसतात, फक्त दोन आकडे. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतात ते परतलेले : बसरा, फ्रान्स, पूर्व आफ्रिका पाहून आलेले आणि पुन्हा नांगराला जुंपलेले.

२६/
त्यांची नावे शोधायची असतील तर एक जागा आहे. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांना जी पदके मिळाली, त्यांच्या कडेवर त्या त्या शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असे. अक्षरे इतकी बारीक, की वापरून झिजलेल्या पदकावर ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. घरात पणजोबांची ट्रंक असेल, तिच्या तळाशी देवीच्या टाकांसोबत किंवा जुन्या नाण्यांत एखादे जाडजूड रुप्याचे पदक असेल, तर मोडीत घालण्याआधी त्याची कड भिंगाखाली धरा.